ती. आई-बाबांना, बंगळुरूबद्दल

ऐरोली, रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

ऐरोलीहून नौपाड्यात यायला फार वेळ लागत नाही, तरी पत्र लिहिते आहे. समोर बसले की बाबा "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणून पेपर उघडतात, आई स्वयंपाकघरात जाते आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहतं.

मी निम्हान्सचा, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेचा, पर्याय पहिला भरला आहे. मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मनोविकारशास्त्रात डीएम, म्हणजे एमडीच्या पुढचं शिक्षण, तीन वर्षं. दुसरं नाव चंदिगढच्या पीजीआयचं. बाबा, घोडबंदर रोडचा गाळा तुम्ही माझ्या दवाखान्यासाठी बघून ठेवलात, भाड्याचंही बोललात. म्हणून नुसता निर्णय कळवून भागणार नाही.

गेल्या वर्षी ओपीडीत अकरा वर्षांचा एक मुलगा आला होता. शाळेने 'आळशी' ठरवलेला. बाहेर ही रांग. मी त्याच्या आईचं ऐकलं, गोळी लिहिली, पुढची तारीख दिली. तो दाराशी पोचला तेव्हा लक्षात आलं, मी त्याला एक शब्दही विचारला नव्हता. ते पुन्हा आले नाहीत. एमडीच्या तीन वर्षांत मुलांच्या ओपीडीत मी जेमतेम तीन महिने होते. न बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाशी खेळातून कसं बोलायचं, सोळा वर्षांच्या मुलीला आईवडिलांसमोर काय विचारायचं आणि काय एकटीला, हे पुस्तकात वाचून येत नाही. कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.

त्यामुळे तिथल्या सीनियर्सना मी एवढंच विचारत होते: तुमच्या केसवर सर-मॅडम किती वेळ बसतात? मुलांसाठी वेगळा वॉर्ड आहे का? निम्हान्समध्ये आहे, आणि मुलाबरोबर घरचं माणूस राहतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही तेच सांगितलं आहे, मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवा आणि सोबतीला घरचं कुणी असू द्या. आई, मला टायफॉइड झाला तेव्हा तू आठ रात्री माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपली होतीस. मी हात खाली सोडला की तुझा हात लागायचा. निम्हान्सचं हे कळल्यावर मला फार शोधावं लागलं नाही.

दादा अमेरिकेचं म्हणत होता. तिथे इथली एमडी धरत नाहीत. पुन्हा तीन वर्षं मोठ्यांचं, मग दोन वर्षं मुलांचं. पाच वर्षं तुमच्यापासून इतकं लांब राहायची माझी तयारी नाही.

आत्या विचारत होती ना, मुलांना कसलं आलंय टेन्शन? तिला सांगा, २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते सतरा वयातल्या शंभरांतल्या सात मुलांना मानसिक आजार आढळला होता. तिच्या नातवाच्या वर्गात साठ मुलं आहेत.

बाबा, मी एमडीला मनोविकारशास्त्र घेतलं तेव्हा "ठाण्याची मुलगी शेवटी ठाण्यालाच गेली" म्हणून लोक हसले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१पासून माणसांना सांभाळतंय. तुमच्या घरात कुणाला लागलं तर आधी तिथेच धावाल." त्या दिवशी मला किती बळ आलं, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

तुमच्या अँजिओप्लास्टीला दीड वर्षसुद्धा झालेलं नाही, हे विसरून मी निघालेले नाही. दर तीन महिन्यांच्या तपासणीला मी येईन, रजेचं आधीच विचारून ठेवलं आहे. आई, गुडघ्याचं ऑपरेशन मात्र मी जायच्या आधी उरकून घेऊ. आता नाही म्हणू नकोस.

शनिवारी येते. गाळ्याच्या मालकांना मीच फोन करते, बाबांनी त्यांच्याशी अवघड बोलायची गरज नाही.

तुमची,
मनू