गाण्याखाली कवीचं नाव का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा रविवारी सकाळी घावणे घालत होते आणि मोबाईलवर गाणी शफलला लावलेली. मला शफल मनापासून आवडतं, कारण लहानपणी रेडिओचं असंच होतं, पुढचं गाणं कुठलं ते लागल्यावरच कळायचं. तर एक जुनं हिंदी झालं, मग लेकीचं कुठलंतरी रॅप झालं आणि त्याला लागूनच 'ये रे घना' सुरू झालं. मी हातात कालथा घेऊन तशीच उभी, तव्यावरचं घावण करपलं तरी लक्ष नाही.

कुडाळजवळ आमचं घर. पावसात लाईट गेलेली असायची आणि बाबा पडवीत ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसलेले, आमच्याकडे पणजी केंद्र छान लागायचं. त्यांची एक लांबोडकी वही होती, दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात पट्टीने आखलेले तीन रकाने, गीत, संगीत, स्वर. गाण्याआधी निवेदिका तिन्ही नावं सांगायची ती बाबा लिहून घ्यायचे, खरखर झाली आणि एखादं नाव निसटलं तर तेवढी जागा रिकामी सोडायचे आणि दोन महिन्यांनी तेच गाणं परत लागलं की तेव्हा हातात असेल त्या पेनाने भरायचे, त्यामुळे एकेका ओळीत दोन-दोन रंगांची शाई आहे. ती वही आता माझ्याकडे आहे. 'ये रे घना'च्या ओळीत लिहिलंय, आरती प्रभू, हृदयनाथ मंगेशकर, आशा भोसले. आणि आरती प्रभूंच्या खाली बारीक अक्षरात, 'आपले खानोलकर'.

ते 'आपले' मला फार उशिरा कळलं. 'आरती प्रभू' या नावाने कविता लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर आमच्याच भागातले, जन्म बागलांची राई गावचा. कुडाळात खानावळ चालवता चालवता हा माणूस कविता लिहीत होता, पुढे मुंबई आकाशवाणीत नोकरी केली, १९७६ मध्ये गेले तेव्हा वय फक्त ४६. त्यांच्या 'नक्षत्रांचे देणे' या कवितासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९७८ ला, ते बघायला ते नव्हते.

आता मूळ मुद्दा. लेक आठवीत आहे, तिने गाणं ऐकलं, मोबाईल उचलून बघितलं आणि म्हणाली, "आई, किती भारी लिहिलंय ना आशाताईंनी!" तिचं काय चुकलं? स्क्रीनवर गाण्याखाली एकच नाव होतं आणि वर कुठल्यातरी सुपरहिट संग्रहाचं चित्र. मग मी हट्टाने बाकीची गाणी बघत बसले, 'शुक्रतारा मंद वारा'ला मंगेश पाडगावकर नाहीत की श्रीनिवास खळे नाहीत, 'तोच चंद्रमा नभात'ला शांताबाई शेळके नाहीत. मला खूप वाईट वाटलं, रागही आला. आपलं भावगीत आधी कवीच्या वहीतली कविता असते हो, तिथूनच ते सुरू होतं, आणि नेमकं तेच नाव गाळायचं?

शफलबद्दल तक्रार एकच, गीतरामायण त्यात येऊ देऊ नका. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक अशी ५६ गाणी गदिमांनी (ग. दि. माडगूळकर) आणि बाबूजींनी (सुधीर फडके) क्रमाने दिली, आणि माझ्या मोबाईलवर 'सेतू बांधा रे' आधी आणि मग 'राम जन्मला ग सखी'! मी ती वेगळी लिस्ट करून ठेवलीय, ती पहिल्यापासूनच ऐकते.

गाण्यांचे ॲप चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की मराठी गाण्याखाली गीतकार आणि संगीतकाराचं नाव गायकाच्या शेजारीच दिसू दे, चार ठिकाणी बोटं दाबून शोधायला लावू नका. तुमच्या पुरवणीत गाण्याच्या ओळी छापता तेव्हा तुम्हीही तिन्ही नावं द्या, आणि गॅदरिंगला, गणपतीच्या कार्यक्रमाला जे निवेदन करतात त्यांनीही ती सांगावीत, दहा सेकंद लागतात.

बाबांच्या वहीत शेवटची अकरा पानं कोरी आहेत. रविवारपासून लेक आणि मी शफलला जे मराठी गाणं लागेल त्याची तिन्ही नावं शोधून त्यात लिहितोय. काल रात्री दोन रकाने रिकामे राहिलेत.

एक वाचक, डोंबिवली (मूळची कुडाळ तालुक्यातली)