अण्णा, तुमची कांडी अजून माझ्याकडेच आहे

अण्णा, नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तुमच्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात येऊन बोललो असतो तर तुम्ही "इरली बिडप्पा" (राहू दे रे) म्हणून हात झटकला असता आणि चहा मागवला असता. तुमचं नाव, गल्ली काही लिहीत नाही. बेळगावच्या वडगावात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

जानेवारी २०२३ मध्ये मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो. निपाणीकडच्या खेड्यातला, इंजिनिअरिंगला नुकताच बेळगावात पडलेला पोरगा. हातात एका शोरूमचा कागद. अडुसष्ट हजारांचा गेमिंग लॅपटॉप, हप्त्यावर. रूममेटचा कीबोर्ड तुमच्याकडे दुरुस्तीला होता म्हणून आलो होतो, जाता जाता विचारलं, "हा घेऊ काय?"

तुम्ही कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "काय खेळतोस?" एवढंच विचारलंत.

मी म्हटलं, अभ्यासासाठी पाहिजे.

"अभ्यासाला लाल-निळे दिवे लागत नाहीत. खोटं बोलू नको बघ. काय खेळतोस ते सांग, मग पैशाचं बोलू."

सांगितलं. व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह, आणि पोरं रात्री जमली की फुटबॉलचा एखादा गेम. मग तुम्ही जे विचारलंत ते शोरूममध्ये कुणी विचारलं नव्हतं. खोलीत टेबल केवढं आहे? घरी दर शनिवारी जातोस की महिन्यातून एकदा? लाईट बिल कोण भरतंय?

टेबल म्हणजे घरमालकीण आजींची जुनी शिलाई मशीन, वर फळी टाकलेली. घरी दर पंधरा दिवसांनी. आणि बिलाचं म्हणाल तर आजींनी खोलीला वेगळा मीटर बसवलेला, महिनाअखेरीला त्या चष्मा लावून स्वतः आकडे वाचायच्या.

तुम्ही पाठकोऱ्या बिलावर लिहायला लागलात. प्रोसेसर रायझन ५, ५६००जी. सहा कोअर, आणि ग्राफिक्स त्याच चिपच्या पोटात, वेगळं कार्ड नको. मदरबोर्ड मिनी आयटीएक्स, १७ सेंटिमीटर बाय १७, म्हणजे आमच्या घरच्या पोळपाटापेक्षा लहान. फाइली साठवायला पाचशे जीबीची एसएसडी. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला २२ इंची मॉनिटर. आणि चपलांच्या खोक्याहून जरा मोठा डबा. मला तो डबा बघून खरं सांगायचं तर रडू यायचं बाकी होतं. मित्रांच्या कॅबिनेटला काच होती, आत चार पंखे रंग बदलत फिरायचे. माझ्या नशिबी डबा.

बाबांनी पस्तीस हजार दिले होते, त्यात रॅमची आठ जीबीची एकच कांडी बसली. तुमच्या तोंडी ती कांडीच, मागावरच्या सुताच्या कांडीसारखी. दुकानामागे दिवसभर माग खटखटत असल्यावर दुसरं काय म्हणणार! "एका कांडीवर चालेल, पण लंगडत," तुम्ही म्हणालात आणि लगेच दाखवलंत. जीटीए लावला, गाडी एका सिग्नलपाशी उभी केली, सेकंदाला किती चित्रं सरकतात तो कोपऱ्यातला आकडा चाळिशीत. मशीन बंद करून ड्रॉवरमधली दुसरी कांडी घातलीत, परत तोच सिग्नल, आकडा साठीच्या पुढं. मग समजावलंत: या चिपच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच ओढून घेतं, एक कांडी म्हणजे एक नळ, दोन म्हणजे दोन नळ. म्हणून सोळा जीबीची एक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या. चार वर्षांत पोरांना मी हे इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्यांना तोंडपाठ आहे, फक्त श्रेय मी घेतो.

ती दुसरी कांडी तुम्ही काढलीच नाहीत. "तंबाखूचे पैसे आले की दे."

अण्णा, त्या डब्यानं काय काय केलं ते तुम्हाला पूर्ण माहीत नाही. शनिवारी दुपारी तो टॉवेलात गुंडाळून कॉलेजच्या बॅगेत घालायचो आणि निपाणीच्या लाल गाडीत मांडीवर घेऊन बसायचो. मॉनिटर खोलीवरच. एकदा संकेश्वरच्या अलीकडं कंडक्टरनं बॅगेवर टिचकी मारून विचारलं, "अदराग एनैति?" (त्यात काय आहे?) मी म्हटलं, कंप्युटर. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. चेन उघडून दाखवली तर म्हणाले, एवढासा? आणि लगेजचं तिकीट न फाडता पुढं गेले. घरी एचडीएमआयची वायर टीव्हीला जोडली की झालं. बहिणीनं दहावीचे व्हिडिओ त्याच्यावरच बघितले, आणि माझ्यापेक्षा जास्त व्हॅलोरंट खेळली हे आईला अजून माहीत नाही. ती मोठी काचेची कॅबिनेटवाली पोरं सुट्टीला घरी जाताना मशीनला चादर घालून जायची.

आजींचा मीटर! गेम चालू असताना माझं सगळं मिळून शंभर वॅटच्या आसपास खातं. दहा तासांना एक युनिट. पहिल्या महिन्यात आजींनी बिल दोनदा वाचलं, रूममेटच्या इस्त्रीवर संशय घेतला आणि मला सोडून दिलं. भार एवढा कमी असल्यामुळं ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरला. पावसाळ्यात वडगावात लाईट कशी ये-जा करते ते तुम्हाला मी सांगायला नको.

एक तक्रार मात्र आहे. त्या चिपबरोबर आलेला पंखा लहान डब्यात फार ओरडतो. वडगावात मागांपुढं कळत नव्हतं, गावाकडं रात्री लावला तर आई आतून म्हणाली, "गिरण चालू केलीस काय?"

दुसऱ्या वर्षी मला जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं खूळ लागलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं रात्रंदिवस चालवून ते कमावणं, बंद पडल्यापासून त्या खाणीत राबलेली कार्डं स्वस्तात मिळत होती. मी एक घेऊन आलो, चार दिवसांच्या बोलीवर. तुम्ही पंखा बोटानं फिरवलात, तो खरखरला. मग डब्याशेजारी कार्ड ठेवून दाखवलंत. डब्यापेक्षा कार्डच लांब. "परत दे जा," म्हणालात. मोठा डबा, मोठा पॉवर सप्लाय असं करत दहा-पंधरा हजारांचं गिऱ्हाईक तुम्ही तिथंच घालवलंत.

आणि गेल्या जुलैतली ती रात्र. सकाळी प्रोजेक्टचं सबमिशन, बाहेर मुसळधार, आणि मशीनचे पंखे फिरतायत पण स्क्रीन काळी. पावणेदहाला फोन केला. तुम्ही जेवणावरून उठून आलात, शटर अर्धं वर केलंत, मी वाकून आत. डबा उघडून दोन्ही कांड्या काढल्यात, खिशातून खोडरबर काढून त्यांचे सोनेरी दात असे घासलेत जसे आम्ही चौथीत पाटीचा कोपरा घासायचो. भुगा ब्रशनं झटकला, कांड्या टक् टक् बसवल्या. स्क्रीन आली. "ओल धरली होती, आणि काही नाही." किती झाले विचारलं तर म्हणालात, खोडरबर पाच रुपयाला आहे, घेऊन ठेव.

आता खरी गोष्ट. कांडी घेतली त्या वर्षी आमच्या तंबाखूला दर नव्हता, बाबांकडे मागायचं धाडस झालं नाही. तुम्ही विचारलं नाहीत. पण पुढच्या वर्षी पैसे आले होते, अण्णा. मी त्यातून हेडफोन घेतले. तेच घालून दुकानात आलो, तुम्ही म्हणालात, "चांगले आहेत," आणि मी लाज वाटून चहा अर्धाच टाकून निघालो. त्या चहाचं कारण हे.

परीक्षा संपल्या. शनिवारी येतोय. बावीसशे रुपये पाकिटात घालून ठेवलेत, आईनं शेंगांची पिशवी बांधलीय. "इरली बिडप्पा" म्हणालात तर तुमची कांडी काउंटरवर ठेवून जाईन. मग मशीन लंगडेल आणि सोमवारी मला परत तुमच्याच दारात यावं लागेल.

तुमचा,
डबेवाला पोरगा