विद्यापीठातल्या मॅडम, तुमच्या खडकपेटीसाठी आभार

मॅडम, नमस्कार.

तुमच्या कार्यशाळेसाठी आणि शाळेला वापरायला दिलेल्या दगडांच्या पेटीसाठी फोनवर थँक्यू म्हणून झालंय, पण तुम्ही लगेच "अहो त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून म्हटलं सरळ सगळ्यांसमोर लिहावं, म्हणजे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही आणि बाकीच्या शिक्षकांनाही कळेल की विद्यापीठात असं काही मिळतं, फक्त मागायला जायला पाहिजे. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

खरं सांगू का, विद्यापीठ म्हटलं की झेडपीच्या मास्तर-बाईंना काय आठवतं, तर परीक्षेचा फॉर्म, मार्कशीट आणि खिडकीसमोरची रांग. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं २००४ साली, त्याआधी कोल्हापूरच्या विद्यापीठात होतो आपण, आणि आता केगावच्या त्या विद्यापीठावरून पुण्याच्या गाडीने कितीतरी वेळा गेलो असू पण त्या गेटच्या आत आमच्या सहावीच्या वर्गासाठी काही ठेवलेलं असेल हे डोक्यातच आलं नाही कधी. येईल कसं, आम्हाला कुणी बोलावलंच नव्हतं.

प्रशिक्षणं आम्ही भरपूर केलीत (कुठली ते विचारू नका). सकाळी सही, मग पीपीटी, पीपीटीवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवणार, दुपारी जेवण, मग ग्रुप फोटो, लिंक भरा, सर्टिफिकेट डाउनलोड करा. त्यामुळे तुमच्या कार्यशाळेचं पत्र आलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न होता, ओडी, म्हणजे ऑन ड्युटी धरणार का. 

आणि तुम्ही पहिल्याच पाच मिनिटांत विचारलं, "पुढच्या आठवड्यात वर्गात काय घेणार आहात?" सगळे गप्प. कारण असं कुणी विचारतच नाही ओ. मग कुणीतरी म्हणालं सहावी भूगोल, खडक व खडकांचे प्रकार, आणि तुम्ही लॅपटॉप बंदच केला. तास किती मिनिटांचा, पोरं किती, बाकं आहेत का खाली बसतात, पाणी आहे का, सगळं विचारून घेतलंत आणि मग म्हणालात, चला, आता तुमच्या घरातनं तीन दगड शोधू.

तो अर्धा तास मी अजून विसरले नाही. पुस्तकात अग्निज, स्तरित, रूपांतरित असे तीन प्रकार येतात, पोरं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, संपलं. तुम्ही म्हणालात घरातला पाटा-वरवंटा घ्या, जातं घ्या, तो आपला काळा दगड, बसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला, म्हणजे अग्निज. मग खाली बघा, पायाखाली शहाबादी फरशी, हा चुनखडक, पाण्याखाली थरावर थर साचून झालेला, म्हणजे स्तरित. आणि देवघरात संगमरवर असेल तर तो त्याच चुनखडकावर दाब आणि उष्णता पडून बदललेला, म्हणजे रूपांतरित. स्वयंपाकघर ते देवघर एवढ्या अंतरात अख्खा धडा! आणि आमच्याकडची पोरं गाणगापूरला, गुलबर्ग्याला जातातच, त्याच रेल्वेलाइनवर पुढे शहाबाद स्टेशन लागतं, तिथूनच ही फरशी येते हे तुम्ही सांगितलं तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तरी मान डोलावली असेल की हां बरोबर, नावातच आहे की. गुलबर्ग्याकडे आपला काळा दगड संपत जातो आणि त्याच्या खालचा, त्याच्यापेक्षा कितीतरी जुना चुनखडक उघडा पडतो, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. आता मी त्या गाडीने गेले की खिडकीतनं रुळांसाठी कापलेल्या दगडाचा रंग बघत बसते, घरचे वैतागतात.

पोरांना सगळ्यात आवडलं काय तर ॲसिडचा थेंब. तुम्ही दिलेल्या ड्रॉपरच्या बाटलीतलं पातळ केलेलं ॲसिड, ते फक्त मीच हातात घ्यायचं असं तुम्ही बजावलं होतं आणि ते मी पाळलं. वरवंट्यावर थेंब टाकला, काही नाही. फरशीवर टाकला, फसफस. पोरं एकदम पुढे आली. एक मुलगी म्हणाली बाई म्हणून आमच्या कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं की आई ओरडते, डाग पडतो ना. बघा, कडाप्पा काळा असला तरी चुनखडकच, आणि हे तिने स्वतः काढलं, मी सांगितलं नव्हतं. पुस्तकातला प्रश्न "चुनखडक कसा ओळखाल" याला तिने पेपरात लिंबाचं उत्तर लिहिलं आणि मी पूर्ण मार्क दिले.

आता त्या काचपट्टीबद्दल. मॅडम, हे तुम्ही आम्हाला दाखवायची काही गरज नव्हती, सहावीला काही ते नाहीये, पण तुम्ही म्हणालात शिक्षकाला स्वतःला मजा आली पाहिजे आणि आम्हाला लॅबमध्ये नेलंत. तिथे ते लॅबमधले मामा दगडाचा काप काचेला चिकटवून पावडरीवर घासत होते, घासत घासत ०.०३ मिलीमीटरपर्यंत आणायचा म्हणे, म्हणजे दगडातनं उजेड आरपार जातो. दगडातनं उजेड! मायक्रोस्कोपला डोळा लावला तर आधी काय, मळकट राखाडी. मग तुम्ही वरचा पोलरायझर (एकाच दिशेचा उजेड जाऊ देणारी काच) आत सरकवला आणि तो आमच्या पाट्याचा काळाकुट्ट दगड एकदम पिवळा, निळा, गुलाबी, मधनं पांढऱ्या-करड्या काड्या आडव्यातिडव्या पडलेल्या, खालची गोल चकती फिरवली की रंग बदलतात, काड्या विझतात पेटतात. माझ्या मागे लाइन लागली होती तरी मी उठेना. त्या काड्या म्हणजे प्लॅजिओक्लेज आणि रंगीत ते पायरॉक्सीन, ही खनिजांची नावं मी वहीत लिहून घेतली, पोरांना सांगितली नाहीत, त्यांना नुसतं दाखवलं. कारण तुम्ही पेटीत एक तसली तयार काचपट्टी आणि पोलरॉइडचे, म्हणजे तसल्याच पोलरायझरच्या पातळ पट्टीचे, दोन तुकडे दिले होते, दोन्हीच्या मधे पट्टी धरायची, एक तुकडा फिरवायचा आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करायचं, जमतं की. मायक्रोस्कोपसारखं नाही दिसत पण आमच्या शाळेला ते लई झालं.

पेटीबद्दल पण सांगते कारण वाचणाऱ्यांपैकी शिक्षकांना तेच हवं असणार. साधी पत्र्याची पेटी, आत कप्प्यात दगड, प्रत्येकावर ऑइलपेंटने नंबर, आणि नंबरप्रमाणे कार्ड. कार्डावर पुढे काय बघायचं, मागे पोरं काय विचारतील आणि त्याचं उत्तर. मागची बाजू ज्यांनी काढली त्यांना माझा साष्टांग नमस्कार. बुडबुड्यांच्या भोकांचा दगड का, तर लाव्हातला वायू अडकून राहिला म्हणून, आणि त्याच भोकांमध्ये नंतर पाण्यातनं खनिजं साचून पांढरे खडे झाले, आपल्या शेतात नांगरताना गारगोट्या निघतात त्या बऱ्याचशा इथनंच आलेल्या. माझ्या वर्गात गारगोट्या नसलेलं दप्तर सापडणार नाही, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांचा खजिना बाहेर आला आणि हजेरीपण घ्यायची राहिली.

आणखी एक गोष्ट मला फार पटली ती म्हणजे कार्डं छापील होती. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या डिसले गुरुजींनी क्यूआर कोड पुस्तकांत आणले, २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे, आणि तुमच्या कार्डांवरही कोपऱ्यात कोड आहेच, पण आमच्या शाळेत रेंज पिंपळाच्या पारावर येते. तर कोड नाही चालला तरी तास चालला पाहिजे हे तुम्ही आधीच धरून ठेवलं होतं. लिंका काय, सगळेच पाठवतात. ग्रुपवर रोज पीडीएफ पडतात, उघडून कोण बघतं. तुम्ही पण होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं मटेरियल सांगितलं, खेळण्यांतनं विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची वेबसाइट सांगितली, पण नुसतं नाव नाही सांगितलं, त्यातलं कुठलं पान सहावीच्या कुठल्या धड्याला लागेल ते पेन्सिलने लिहून दिलं. एवढं एकच काम कुणी केलं तरी शिक्षकाचा रविवार वाचतो.

आणि ते बोअरवाल्याच्या पोराचं प्रकरण. त्याचे वडील बोअरच्या गाडीवर आहेत, तो म्हणाला बाई काळा दगड काळा दगड म्हणता पण बोअर मारताना मधेच लाल भुकटी येते, मग परत काळा. मला उत्तर येत नव्हतं, मी रात्री तुम्हाला मेसेज टाकला, वाटलं आठवड्याने येईल उत्तर. सकाळी शाळेत पोचायच्या आत तुमची व्हॉइस नोट. सगळा लाव्हा एका दमात आलेला नाही, एक थर आला, थंड झाला, खूप काळ उघडा पडून त्याचा वरचा भाग झिजून लाल माती झाला, मग त्याच्यावर पुढचा लाव्हा आला आणि ती माती खाली गाडली गेली, असे थर एकावर एक, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, आणि आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले. मी ती नोट वर्गात लावली. शेवटी तुम्ही म्हणालात की या मुलाच्या वडिलांना विचारा लाल थर किती फुटांवर लागतो, मला पण हवंय. मॅडम, त्या पोराने दुसऱ्या दिवशी वडिलांच्या डायरीतनं गावातल्या बोअरचे आकडे कागदावर उतरवून आणले. एरवी तो पोरगा महिन्यातनं निम्मे दिवस येतो.

किल्लारीच्या भूकंपाचा तास पण तुमच्याच कार्डावरून घेतला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, हे पोरांना इतिहासातल्या सनासारखं वाटतं. कार्डावर लिहिलं होतं, घरातल्या मोठ्या माणसांना विचारून या की तेव्हा तुम्ही कुठे होता. झालं, दुसऱ्या दिवशी वर्गात नुसत्या गोष्टी. कुणाची आजी गणपती विसर्जनाहून येऊन नुकतीच झोपली होती, कुणाच्या फडताळातली भांडी खाली आली होती, एकाचे आजोबा मदतीचा ट्रक घेऊन गेले होते, ते नातवाला एवढंच म्हणाले की ते विचारू नको. जवळपास दहा हजार माणसं गेली तिथे. मग जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर जड माळवद असलेली घरं का कोसळली हे बोललो, भिंतीची आतली बाजू बाहेरच्या बाजूला बांधून धरणारे लांब दगड मधेमधे का घालायचे ते बोललो, आणि पोरं घरी जाऊन आपापल्या भिंती बघून आली. भीती घालायची नाही पण लपवायचं पण नाही, ते कार्ड मी स्वतःकडे झेरॉक्स करून ठेवलंय.

आता मागण्या, आभाराच्या पत्रात मागण्या करू नयेत म्हणतात पण तुम्ही आमच्या ओळखीच्या झालात. एक तर दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडे कानडी माध्यमाच्या शाळा आहेत, तिथल्या शिक्षकांनी पेटी बघितलीय, कार्डं कानडीत करायला ते तयार आहेत, तुम्ही फक्त तपासून द्या. उर्दू शाळेतल्या एक मॅडमपण विचारत होत्या. दुसरं, मातीची पेटी करा. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्याच मातीत रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते, हे पोरांना शेतात दिसतं पण कसं ते मला धड सांगता येत नाही, ते कार्डाच्या मागच्या बाजूवर पाहिजे. आणि तिसरं म्हणजे पेटी पंधरा दिवसांत परत, हा नियम जरा वाढवा ओ, मधे निवडणुकीचं काम लागलं, पोषण आहाराची माहिती भरायची आली की आठवडा असाच जातो.

मामांना माझा नमस्कार सांगा. पेटी सध्या आमच्या केंद्रातल्या शेजारच्या शाळेत आहे, तिथनं ते सर परस्पर केगावला आणून देतील, रजिस्टरवर त्यांचीच सही घ्या. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत आमच्या पोरांनी गोळा केलेले दगड आहेत, नंबर त्यांनीच टाकलेत. त्यातला ७ नंबरचा कुणालाच ओळखता आला नाही, जड आहे, फसफसत नाही, चुंबक थोडं ओढतं. काय आहे ते सवडीने कळवा, वर्गात पैजा लागल्यात.

तुमची,
दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका झेडपी शाळेतली भूगोलाची बाई