तो बोलतो कुणाशी?

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोन मीच ठेवला, तेव्हा चूक माझी. पण "दंगल चालू असताना पुढाऱ्यानं एकच बोलावं, ठोकून काढा. कारणं-बिरणं शोधायला प्राध्यापक आहेत" असं तू म्हणालास आणि माझं डोकं सटकलं. फोनवर आपण दोघंही दुसऱ्याचं ऐकून घेत नाही, म्हणून कागदावर उतरवतोय. इथं तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

आधी तुझं बरोबर आहे तेवढं कबूल करतो. ज्याचं घर जळतंय त्याला विषमतेवर व्याख्यान देणं हा निर्लज्जपणा आहे. पहिल्या रात्री रस्त्यावर पोलीस हवेत आणि पुरेसे हवेत. लंडनचं २०११ सालचं प्रकरण बघ. ४ ऑगस्टला टॉटनहॅममध्ये पोलिसांच्या गोळीनं एक तरुण मेला. ६ तारखेला लोक जाब विचारायला पोलीस ठाण्यासमोर तासन्‌तास उभे राहिले आणि रात्री जाळपोळ सुरू झाली. पंतप्रधान कॅमेरून इटलीत सुट्टीवर, महापौर बोरिस जॉन्सन कॅनडात. कॅमेरून परतले तेव्हा ९ तारीख उजाडली होती. त्या रात्री ६ हजारांच्या जागी १६ हजार पोलीस उतरवले आणि लंडन बऱ्यापैकी शांत राहिलं. इथवर तू जिंकलास.

पण त्याच दिवशी कॅमेरूननी निकालही देऊन टाकला: ही निव्वळ गुन्हेगारी आहे. लुटालूट हा गुन्हाच, त्यात वाद नाही. वाद 'निव्वळ' या शब्दाशी आहे. तो शब्द आला की पुढचे प्रश्न संपतात. न्यायालयं रात्रभर चालली, साडेतीन पौंडांच्या पाण्याच्या बाटल्या उचलणाऱ्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, आणि रीतसर सार्वजनिक चौकशीऐवजी एका समितीवर भागवलं गेलं.

पूर्वी मला वाटायचं, असं बोलणाऱ्या नेत्याला परिस्थिती कळलेली नसते. आता वाटतं, त्याला ती नको तितकी कळलेली असते. फक्त तो जळत्या गल्लीशी बोलतच नसतो. तो बोलत असतो दूर, सुरक्षित घरात टीव्हीसमोर बसलेल्या माणसाशी. म्हणजे तुझ्या-माझ्याशी, विनू.

फ्रान्समध्ये हे लख्ख दिसलं. २५ ऑक्टोबर २००५ला गृहमंत्री सार्कोझी पॅरिसच्या आर्झांतय या उपनगरात गेले आणि तिथल्या टोळक्यांना 'राकाय' म्हणाले. आपल्या भाषेत, मवाल्यांचा गाळ. दोनच दिवसांनी क्लिशी-सू-ब्वामध्ये पोलिसांना चुकवून वीज उपकेंद्रात लपलेली दोन मुलं विजेच्या धक्क्यानं गेली. मग तीन आठवडे उपनगरं पेटत राहिली, सुमारे ९ हजार वाहनं जळाली. सरकारनं आणीबाणी पुकारली ती १९५५च्या कायद्याखाली, म्हणजे अल्जीरियातल्या युद्धासाठी केलेल्या कायद्याखाली. ज्या वस्त्यांमध्ये त्याच अल्जीरियातून आलेल्यांची नातवंडं राहतात तिथं! हा कायदा निवडताना कुणाची जीभ चाचरली नसेल? असो. त्या गृहमंत्र्यांचं पुढं काय झालं? दीड वर्षात ते राष्ट्राध्यक्ष झाले. टीव्हीसमोरच्या माणसाला त्यांचं बोलणं पोचलं होतं.

आपल्याकडे दाखला शोधायला लांब जायला नको. १९ नोव्हेंबर १९८४ला राजीव गांधी म्हणाले, मोठा वृक्ष कोसळला की धरती थोडी हादरतेच. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत अधिकृत आकड्यानुसार २,७३३ शीख मारले गेले होते, त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. त्या गर्दीत एकाही शिखाच्या विधवेशी ते वाक्य बोललेलं नव्हतं. तिच्याशी बोलायला ११ ऑगस्ट २००५ उजाडावा लागला. संसदेत मनमोहन सिंगांनी माफी मागितली, आणि तीही स्वतः शीख असलेल्या पंतप्रधानाला मागावी लागली.

उलटं उदाहरणही आहे, नाहीतर तू म्हणशील मी नुसताच कुरकुरतो. ४ एप्रिल १९६८. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला त्या संध्याकाळी, खून झालेल्या अध्यक्ष जॉन केनेडींचे धाकटे भाऊ रॉबर्ट केनेडी इंडियानापोलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत प्रचारसभेसाठी निघाले होते. जाऊ नका, असं पोलीस सांगत होते. ते गेले, ट्रकवर उभे राहिले आणि बातमी त्यांनी स्वतः सांगितली. माझ्याही भावाला मारलं, मारणारा गोराच होता, असं म्हणाले. त्या आठवड्यात अमेरिकेतली शंभरावर शहरं भडकली, इंडियानापोलिस शांत राहिलं. सगळं श्रेय एका भाषणाला देऊ नये, तिथं वस्तीतले कार्यकर्तेही राबत होते. पण ऐकणारे समोर उभे होते आणि बोलणारा त्यांच्याशीच बोलत होता. केनेडींच्याच पक्षाचे शिकागोचे महापौर डेली यांनी मात्र काही दिवसांनी जाहीर केलं की आग लावणाऱ्याला ठार मारण्यासाठीच गोळी घाला, असा हुकूम मी दिलाय. ते कुणाशी बोलत होते, तूच सांग.

वसतिगृहाच्या गच्चीवर आपण काठ्या घेऊन जागलो होतो, ती रात्र तुला आठवते? 'ते येणार आहेत' अशी आवई होती. पहाटे कळलं की पलीकडच्या वस्तीतली पोरंही गच्चीवर काठ्या घेऊन बसली होती, कारण 'आपण' येणार होतो. रात्रभर दोन्हीकडच्या बॅटऱ्या एकमेकांवर पडत होत्या. तेव्हा कुणीतरी विश्वासाच्या माणसानं मधल्या रस्त्यावर येऊन नुसतं "कुणी येत नाहीये, झोपा" म्हटलं असतं तर?

अफवेवरून एक गोष्ट निघते, तिचं मात्र मला कोडंच पडलंय. १२ मार्च १९९३ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले तेव्हा शरद पवार नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. स्फोटांची ठिकाणं सांगताना त्यांनी मशीद बंदर या मुस्लिमबहुल भागाचंही नाव घेतलं. तिथं स्फोट झालाच नव्हता. स्फोट फक्त हिंदूबहुल भागांत झाले असं लोकांना वाटू नये, पुन्हा दंगल पेटू नये म्हणून हे केलं, असं त्यांनीच पुढं उघडपणे सांगितलं. राज्याचा प्रमुख खोटं बोलला, आणि जीव वाचावेत म्हणून बोलला. मी दर वेळी बाजू बदलतो.

आता कारणं शोधणाऱ्यांकडे वळू. तुझा प्राध्यापकांवरचा राग तसा निराधार नाही. १९६७मध्ये अमेरिकेत दंगली उसळल्या, एकट्या डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं मेली, तेव्हा अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दंगलींची कारणं शोधायला कर्नर आयोग नेमला. केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञानं आयोगासमोर सांगितलं, की १९१९च्या शिकागो दंगलीपासूनचे अहवाल मी वाचतोय. तेच विश्लेषण, त्याच शिफारशी आणि तीच निष्क्रियता. १९६८मध्ये कर्नर अहवाल आला, धडाक्यात खपला, आणि ज्यांनी आयोग नेमला त्या जॉन्सननीच त्याकडे पाठ फिरवली. १९९२-९३च्या मुंबईच्या दंगलीत ९०० माणसं गेली. त्यावरच्या श्रीकृष्ण आयोगाचं तर काय विचारतोस! जानेवारी १९९६मध्ये राज्य सरकारनं तो गुंडाळला, काही महिन्यांत पुन्हा जिवंत केला, आणि १९९८मध्ये अहवाल आला तेव्हा मुख्यमंत्री मनोहर जोशींनी तो एकतर्फी म्हणून झिडकारला. अहवाल मोठा वाचनीय आहे, बरं का. कोणत्या ठाण्याच्या हद्दीत काय घडलं, सगळं त्यात आहे.

भिवंडीचं सांगून थांबतो, कारण ते तुझ्याही म्हणण्यात बसत नाही आणि माझ्याही. १९७० आणि १९८४मध्ये होरपळलेलं गाव ते. १९८८पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानं तिथं दोन्ही समाजांतल्या लोकांच्या मोहल्ला कमिट्या बांधल्या. पोलीस आणि वस्तीतली माणसं दंगल नसतानाही एकत्र बसू लागली, एकमेकांना नावानं ओळखू लागली. डिसेंबर १९९२मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी पेटली नाही. यात भाषण नाही, गोळीबार नाही, टीव्हीवर दाखवण्यासारखं तर काहीच नाही. म्हणूनच की काय, कुठल्या पुढाऱ्याला हे आपलं म्हणून मिरवावंसं वाटलेलं मी पाहिलं नाही.

वहिनींना नमस्कार सांग. शनिवारी फोन कर, पण मशीद बंदरबद्दल तुझं मत काय ते आधी ठरव. मी या वेळी ऐकून घेईन.

तुझा,
दत्ता