शकूस, लिस्बनहून

लिस्बन,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय शकू,

चवथीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची टोचणी रोज लागते. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांची साखर आटोक्यात. प्रकृतीचं एवढंच. घरात सगळी झोपली आहेत आणि मी स्वयंपाकघरात दिवा लावून बसले आहे. आज जे झालं ते ह्यांना सांगून उपयोग नाही आणि लेकाला सांगवत नाही. सांगायचं तर तुलाच, आणि भीतीही तुझीच वाटते.

आज त्याने आम्हाला उघड्या टपाच्या दुमजली बसने शहर दाखवलं. एकदा तिकीट काढलं की दिवसभर कुठेही उतरा, कुठेही चढा. बस मार्केस द पोंबालच्या मोठ्या चौकातून सुटते. आम्ही थांब्यावर उभे होतो, तेव्हा लेक वरच्या चढाकडे बोट करून म्हणाला, "आई, ते नोंदणीचं ऑफिस तिकडेच आहे." एवढंच बोलला आणि नातवाची टोपी सारखी करत बसला. कळलं ना तुला? माझ्या पोटात गोळा आला गो.

कागद तयार आहेत. माझा १९५५ सालचा जन्मदाखला म्हापशाहून काढून आणलाय, सगळा पोर्तुगीजमध्ये, आणि नाव असं लिहिलंय की मलाच दोनदा वाचावं लागलं. त्याच्यासोबतच्या अर्जावर माझी सही तेवढी हवी. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा मोकळा झाला त्याच्या, आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाचं नाव पोर्तुगीज नागरिक म्हणून इथल्या दप्तरी चढतं, ते चढलं की मुलाला वाट मोकळी आणि मग नातवाला. हे मी तुला काय समजावणार! तुमच्या घरात हे १९९६ साली होऊन गेलं.

ह्यांचा दिवस मात्र मजेत गेला. तिकिटाच्या यंत्रावर 'पगार' असं लिहिलेलं वाचून विचारतात, "कोणाचा पगार?" पैसे भरा, असा त्याचा अर्थ. आपण महिनाअखेरीस ज्याची वाट बघायचो तो शब्द यांचाच निघाला. मग टपावर बसून हे शब्द गोळा करत सुटले. चावी, बादली, पाव, काजू. आणि मला एकदम तुझ्या आबांची आठवण झाली. ते सांगायचे ना, "'तुरुंग' हा शब्दसुद्धा फिरंग्यांनीच आणला, आणि मग मला आत घालून त्याचा अर्थ शिकवला."

शहर सुंदर आहे, हे कबूल करायला हवं. जांभळ्या फुलांची झाडं रस्ताभर फुलली आहेत, फरसबंदीवर काळ्यापांढऱ्या दगडांची नक्षी आहे. कानातल्या यंत्रावर बाई सांगत होती की १ नोव्हेंबर १७५५ ला भूकंप झाला, तो सणाचा दिवस होता, माणसं चर्चमध्ये होती, देवापुढच्या मेणबत्त्या कलंडून आगी लागल्या आणि वर नदीचं पाणी चढून आलं. नंतर पोंबाल नावाच्या मंत्र्याने नदीकाठचा सगळा भाग सरळ रेषेत नव्याने बांधून काढला. चौकाला नाव त्याचंच. हे म्हणाले, म्हापशाचा बाजारही कोणीतरी असा आखून द्यायला हवा होता.

बेलेंला जाताना नदीवर लांबच लांब लाल लोखंडी पूल लागतो. १९६६ साली बांधला तेव्हा त्याचं नाव इथल्या हुकूमशहावरून सालाझार पूल होतं. १९७४ च्या २५ एप्रिलला इथल्या सैनिकांनीच ती राजवट उलथली, लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल फुलं खोवली आणि पुलाला ती तारीख चिकटली. लेक मुद्दाम माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, आबांना ज्यांनी डांबलं, त्यांना इथल्याच लोकांनी हाकललं." खरं आहे ते. मी मान डोलावली. पण ज्या दप्तरात माझं नाव चढणार, ते दप्तर तर तेव्हाचंच ना?

बेलेंच्या चौकात उंच खांबावर अल्बुकर्क उभा आहे. ज्याने १५१० मध्ये गोवा घेतलं तो. नातवाला सांगितलं, आपल्या हापूसला याचं नाव आहे. तर त्याने खालून हात हलवला, "ओ आंबेवाले काका!" टपावरची माणसं वळून बघायला लागली. मीही खूप हसले, शकू, आणि हसतानाच डोळे भरून आले. पोर शाळेत पोर्तुगीज बोलतं, झोपेतही बोलतं. माझ्याशी मराठी बोलताना शब्द शोधतं.

नदीकाठी त्यांच्या दर्यावर्दींचं स्मारक आहे, जहाजाच्या नाळेसारखं. त्यावर दगडी माणसांची रांग. पायाशी फरशीत जगाचा नकाशा जडवलाय आणि त्यावर यांची गलबतं कुठे कुठे पोचली ते दाखवलंय. हे स्मारक १९६० चं आहे. मी तिथे उभी राहून हिशेब केला. त्या वर्षी आबा आग्वादच्या तुरुंगात होते, आणि हे लोक इथे दगड चढवत होते. पुढच्याच डिसेंबरात आबा घरी आले. दाढी वाढलेली, सदरा कोणाचा तरी. तू त्यांना ओळखलंच नाहीस, माझ्या आईच्या लुगड्यामागे लपलीस. मी तुझा हात धरून होते, आणि तू इतका घट्ट दाबलास की माझं कांकण फुटलं. त्या नकाशावर आपला किनारा शोधला तर माझ्या चपलेखाली सगळा मावला. मी पाय बाजूला घेतला.

मठातही गेलो. दाराशीच वास्को द गामाची कबर. मेला कोचीनला, १५२४ मध्ये. आता दगडात हात जोडून निजलाय. राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. राग आला तो पुढे, किनाऱ्याने पश्चिमेकडे जाणारी गाडी दिसली तेव्हा. त्याच बाजूला काशियशचा किल्ला. आपल्या मुक्तिलढ्यातल्या रानडे मास्तरांना त्या किल्ल्यात १९६९ पर्यंत ठेवलं होतं. गोवा मोकळा होऊन सात वर्षं उलटली तरी! आबा त्यांचं नाव घेताना खुर्चीत ताठ बसायचे. मी लेकाला ती दिशा दाखवली. तो गप्प ऐकत राहिला, मग म्हणाला, "आई, मला माहीत आहे. पण माझं राहण्याचं कार्ड संपत आलंय, आणि मुलाची शाळा इथे आहे." त्याच्या हातात ते अंड्याच्या पिवळ्याचं गरम पेस्ट्रीचं खोकं होतं, वर दालचिनी भुरभुरलेली, आणि हात थरथरत होता. माझा मुलगा माझ्याकडे भीक मागितल्यासारखा उभा होता. ते मला बघवलं नाही.

नाव नोंदवलं की आपलं नागरिकत्व जातं का, यावर गोव्यात वकीलही एकमुखाने बोलत नाहीत. दोन देशांचं नागरिकत्व आपल्याकडे चालत नाही, एवढं पक्कं. हे म्हणतात, सही कर आणि मोकळी हो. ह्यांचा जन्म बेळगावचा, ह्यांना हा प्रश्न पडतच नाही.

आणि शकू, १९९६ साली तुझ्या घरापुढच्या बलकांवात बसून मी काय बोलले ते मला अक्षरन्‌अक्षर आठवतं. "आग्वादात बसलेल्या माणसाच्या हातात तुम्ही ही लेखणी कशी दिलीत?" दादा इंग्लंडात स्विंडनला निघाला होता, आबा आत पलंगावर होते, आणि मी आवाज मुद्दाम चढवला होता. तू चहा ठेवायला म्हणून आत गेलीस ती बाहेर आलीच नाहीस. दोन वर्षं आपण बोललो नाही. आई गेली तेव्हा तू आलीस आणि त्यातलं काही काढलं नाहीस. मी माफी मागायला हवी होती. आज मागते. स्वतःवर वेळ आली म्हणून मागते, हे मला कळतं, तरी मागते.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? सुनेचे दिवस कधी भरतात? वाडीची केस मिटली असेल तर कळव. तुझ्यासाठी निळ्या फुलांची एक फरशी घेतलीय, तुळशीपाशी बसव.

आम्ही १४ तारखेला निघतो. कागद माझ्या पर्समध्ये आहेत. त्याआधी मला फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल. मला एकच विचारायचंय, जे तेव्हा मी विचारलं नाही आणि तुला सांगूही दिलं नाही. आबांनी सही केली तेव्हा ते काय म्हणाले?

तुझी,
मालू