क्षेत्रकार्याचा आराखडा: सर्व विषय समन्वयकांसाठी सूचना

येत्या सत्राचा आराखडा पोळ्याआधी गटावर टाकावा. क्षेत्रकार्य, म्हणजे मुलांनी गावात जाऊन करायचं अभ्यासाचं काम, २ क्रेडिटचं; २ क्रेडिट म्हणजे ६० तास. त्यातले निम्मेच गावात जातात असं धरून चाला. बाकीचे तयारी, नोंदी आणि अहवालाला लागतात.

काम विषयातूनच निघालं पाहिजे. रसायनशास्त्राच्या मुलांकडून गाव झाडून घेतलं तर फोटो मिळतात, शिकणं होत नाही. त्यांनी यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी नायट्रेटसाठी (खतांतून पाण्यात उतरणारा क्षार) तपासावं. नमुने बर्फाच्या डब्यात आणून ४८ तासांत तपासा. बाटली उन्हात राहिली तर जिवाणूंमुळे आकडा बदलतो आणि गावाला चुकीची माहिती जाते; हे अजिबात चालणार नाही. वाणिज्यच्या मुलांनी बचत गटांची रोजकीर्द-खतावणी लावून द्यावी.

वेळ गावाची बघा. कापूस वेचणीत दिवसा घरी कोणी भेटत नाही. दिवाळीनंतर सातपुड्यातल्या पाड्यांवरची पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला जातात.

कॅथलिक, विशेषतः येशूसंघीयांच्या (जेझुइट धर्मगुरूंच्या) विद्यापीठांत अनुभव, चिंतन, कृती असा क्रम शिकवण्यात पाळतात. त्यातलं चिंतन आपल्याकडे हमखास गळतं. म्हणून दर भेटीनंतर प्रत्येकाकडून १ पान घ्या: काय पाहिलं, वर्गात शिकलेलं कुठे जुळलं नाही. गुण कामाला आणि या पानाला, नुसत्या हजेरीला नाही.

निष्कर्ष ग्रामसभेत गावाच्या बोलीत, म्हणजे अहिराणीत किंवा पाड्यांवरच्या पावरीत सांगायचे. अहवाल कपाटात राहिला की पुढच्या वर्षी गाव आपल्याला दारात उभं करत नाही. ग्रामपंचायतीचं पत्र आणि पालकांची संमतीपत्रं पहिल्या भेटीआधी कार्यालयात जमा करावीत.