सेंद्रिय म्हणवणाऱ्या डोंगरबागेत तणनाशक: व्यवस्थापनास तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक,
डोंगरबाग व राई (पर्यटन विभाग)

विषय: सेंद्रिय म्हणून तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या बागेत तणनाशकाची फवारणी आणि राईतील कारवीची तोड याबाबत तक्रार.

महोदय,

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आम्ही घरची मंडळी आपली डोंगरउतारावरची बाग आणि तिला लागून असलेली राई पाहायला आलो होतो. सासूबाई, आम्ही दोघे आणि मुले. 'रानभाजी फेरी व जेवण' असे तिकीट आगाऊ काढले होते, त्याची पावती सोबत जोडली आहे. जेवण, स्वच्छतागृह, वाहनतळ याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी तर फार चांगली होती. तक्रार फवारणीची आहे.

पायवाटेच्या दोन्ही कडांना आणि खाचरांच्या दगडी तालींच्या (बांधांच्या) माथ्यावर हातभर रुंदीचा करपलेला पट्टा होता. त्याला लागून पलीकडे सगळे हिरवेगार. भर पावसाळ्यात गवत आपोआप असे वाळत नाही. खुरपणी केली असती तर उपटलेले तण बाजूला पडलेले दिसले असते. विळा किंवा ग्रास कटर चालवला असता तर बुडख्यातून नवे फुटवे आले असते. इथे गवत, तेरडा, कुर्डू सगळे जागच्या जागी उभे वाळले होते, आणि एक रोप ओढले तर कुजके मूळ सहज हातात आले. सासूबाईंचा सगळा जन्म भातशेतीत गेला. वाकून एक काडी मोडून त्या म्हणाल्या, "औषध मारलंय ह्याच्यावर." मलाही तेच वाटत होते, पण नुसत्या वाटण्यावर मी पत्र लिहिले नसते. गांडूळखताच्या शेडमागे तणनाशकाचा रिकामा डबा पडला होता. त्यावर 'ग्लायफोसेट 41 टक्के एसएल' असे स्पष्ट छापलेले आहे. डब्याचा आणि करपलेल्या पट्ट्यांचा फोटो सोबत आहे.

आता मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट. त्याच पायवाटेवर थोडे खाली आपल्या मार्गदर्शकाने मुलांना आंबुशीची पाने तोडून खायला सांगितले होते. पुढे भारंगीची कोवळी पाने ओळखायला शिकवून तीही चावून बघायला दिली. मुलांनी आवडीने खाल्ली, आम्हीही खाल्ली. सेंद्रिय बाग आहे, न धुता खाल्ले तरी चालते, असे आम्हाला तिथेच सांगण्यात आले. फवारणी नेमकी कुठवर झाली आणि कधी झाली, हे त्या मार्गदर्शकाला ठाऊक नसावे. तो मन लावून माहिती सांगत होता. त्याच्यावर किंवा बागेत काम करणाऱ्या वाडीतल्या कुणावरही या पत्रामुळे राग निघू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पंप कुणाच्या पाठीवर होता, हा प्रश्नच नाही. डबा कुणी विकत आणला आणि फवारायला कुणी सांगितले, याचे उत्तर मला हवे आहे.

सेंद्रिय या शब्दाला आपल्या देशात ठरलेले नियम आहेत. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम 2001 पासून चालू आहे आणि त्याचे काम अपेडा ही केंद्र सरकारची शेतमाल निर्यात विकास संस्था पाहते. त्या मानकांत रासायनिक तणनाशकाला जागाच नाही. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळताना हंगामी पिकांना पेरणीआधी किमान 2 वर्षे आणि बहुवार्षिक पिकांना पहिल्या तोडणीआधी 3 वर्षे रूपांतराचा काळ पाळावा लागतो. असे असताना आपल्या प्रवेशद्वारावरचा '100 टक्के सेंद्रिय' हा फलक कशाच्या आधारावर उभा आहे? ग्लायफोसेटच्या वापरावर तर केंद्र सरकारने 2022 मध्ये अधिसूचना काढून निर्बंध आणले आणि ते परवानाधारक कीड नियंत्रकांमार्फतच वापरावे असे म्हटले. पायवाट म्हणजे पीक नसलेली जागा, असे उत्तर कदाचित आपण द्याल. पण जिथली पाने तोडून लोकांच्या हातात दिली जातात, ती जागा पिकाबाहेरची कशी?

उतारावरच्या बागेत हे आणखी घातक आहे. ताल नुसत्या दगडांवर उभी राहत नाही, दगडांच्या फटींतली माती गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. मुळे मेली की घाटातल्या पावसात ती माती धुपणारच. वरून दुसऱ्या खाचराची ताल एका ठिकाणी ढासळलेली आम्ही पाहिली, आणि ती करपलेल्या पट्ट्यातच होती. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटते, म्हणजे वाहणाऱ्या मातीबरोबर तेही ओढ्यात उतरते. त्या ओढ्यात लोक खेकडे धरतात आणि तोच पुढे खालच्या वाडीकडे जातो. पर्यटक संध्याकाळी घरी परततात, वाडीतल्या माणसांना तेच पाणी वापरायचे असते.

राईबद्दलही लिहिणे भाग आहे. फोटो काढण्याच्या कठड्यासमोरची कारवी दरी दिसावी म्हणून बुंध्यापासून तोडलेली आहे. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. फुलली की मधमाश्या तिच्यावर तुटून पडतात, बी धरते आणि मग ती झुडपे मरतात. फुलण्याआधीच तोडली तर त्या जागी नवी पिढी येणार कशी? शिवाय कड्याच्या काठावर माती धरून ठेवणारी तीच आहे. झाडांच्या नावांच्या पाट्याही खिळे ठोकून लावल्या आहेत आणि काही पाट्या चुकीच्या आहेत. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली काळपट साल असलेल्या ऐनावर 'अर्जुन' लिहिले आहे. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट असते आणि तिचे पापुद्रे निघतात. मुले पाटी वाचूनच झाड शिकतात हो.

हे सगळे मी बाग मोडीत काढण्यासाठी लिहिलेले नाही. 200 लिटरच्या पिंपात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि झाडाखालची मूठभर माती घालून जीवामृत कसे करतात, हे आपल्या लोकांनी इतके नीट दाखवले की माझ्या मुलीने घरच्या कुंड्यांसाठी लहान प्रमाणात करायचे ठरवले आहे. जिथे हे येते तिथे पायवाटेचे तण विळ्याने काढणे किंवा पालापाचोळा अंथरून दाबणे अवघड नाही. मजुरी जास्त लागेल हे मान्य. ती तिकिटात धरा, आम्ही देऊ.

माझ्या मागण्या अशा. या वर्षी कोणती रसायने, कुठे आणि कोणत्या तारखांना फवारली, ते लेखी कळवावे. फवारणी ताबडतोब थांबवावी, आणि लेखी खुलासा होईपर्यंत फेरीत कोणालाही कच्ची पाने खायला देऊ नयेत. आता सहली येण्याचे दिवस आहेत, म्हणून हे आजपासूनच करा. सेंद्रिय प्रमाणपत्र असल्यास त्याचा क्रमांक आणि मुदत फलकावर लावावी, नसल्यास '100 टक्के सेंद्रिय' हा मजकूर फलकावरून आणि जाहिरातींतून काढावा. राईत कारवीची तोड थांबवून खिळे काढावेत. आमच्या रानभाजी फेरीचे शुल्क परत करावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबाबत ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये मी दाद मागेन आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवेन.

कळावे,

आपली,
एक ग्राहक

सोबत: तिकिटाची पावती, करपलेल्या पट्ट्यांचे, रिकाम्या डब्याचे, ढासळलेल्या तालीचे व तोडलेल्या कारवीचे फोटो.